भाड्याचा डोळा, मेणवलीचा घाट

पहाटेचे साडेचार वाजलेत. अंधेरी पश्चिमेच्या या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दिवसा पाय ठेवायला जागा नसते. टेम्पो, हातगाड्या, चहाची किटली घेऊन पळणारी पोरं... या वेळी मात्र सगळीकडे सामसूम. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गाळ्यात तेवढा उजेड आहे. आत भिंतीला लागून काचेची कपाटं. सराफाच्या दुकानात हार मांडावेत, तशा त्यांत लेन्स मांडून ठेवलेल्या. प्रत्येक कपाटाच्या दारावर एक छोटा काटा. आतल्या हवेत दमटपणा किती आहे, ते दाखवणारा. मुंबईच्या पावसाळ्यात माणसाला जसा सर्दी-खोकला, तशी लेन्सला बुरशी! काचेच्या आत एकदा का कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे धरले, की लाखमोलाची लेन्स कवडीमोल झालीच म्हणून समजा.

टेबलापाशी एक मुलगी चलानवर सही करतेय. वय सव्वीस-सत्तावीस. दिवसभर दुसऱ्यांच्या मालिकांचं संकलन करायचं, ही तिची नोकरी. आठ महिने पैसे बाजूला टाकून तिने हा कॅमेरा भाड्याने घेतलाय. प्रवासाचा एक दिवस निम्म्या भाड्यात, चित्रीकरणाचे दोन दिवस पूर्ण भाड्यात. शिवाय अनामत वेगळी.

ती एकेक ओळ वाचते. कॅमेरा एक. लेन्स तीन. बॅटऱ्या सहा. कार्डं चार. ट्रायपॉड एक...

''प्लेट बघितलीत का मॅडम?'' मागून आवाज येतो. ''प्लेट राहिली, तर तो ट्रायपॉड म्हणजे नुसती काठी.''

हे कॅमेऱ्याबरोबर जाणारे अटेंडंट. पन्नाशी ओलांडलेले, कमरेला छोटी पाऊच, खिशात स्क्रू-ड्रायव्हर आणि मऊ फडकं. मुंबईच्या रिवाजाप्रमाणे मोठा कॅमेरा भाड्याने जातो तो एकटा जात नाही. त्याच्याबरोबर त्याचा हा पालकही जातो. त्याचा रोजचा मेहनताना, जेवणखाण आणि राहणं युनिटने बघायचं. कॅमेरा जोडणं, लेन्स बदलणं, बॅटऱ्या चार्ज करणं आणि रात्री पेट्यांना कुलूप लावून किल्ली उशाशी घेणं, हे त्याचं काम. पडद्यावर नावं सरकतात, तेव्हा त्याचं नाव क्वचितच असतं. असलंच तर ते येईपर्यंत प्रेक्षक पार्किंगमध्ये पोहोचलेले असतात.

विम्याच्या पॉलिसीवर आलेला कॅमेरा

भाड्याने कॅमेरा ही सोय आपल्या चित्रपटांच्या जन्मदात्यांना नव्हती. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले, ते आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून. येताना त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. युनिटचा स्वयंपाक सांभाळून फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं करणाऱ्या सरस्वतीबाई फाळके म्हणजे आजच्या भाषेत या देशातल्या पहिल्या कॅमेरा असिस्टंटच! कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर विकत घेण्याचाही मार्ग धरला नाही. १९१८च्या सुमारास त्यांनी स्वतःच कॅमेरा घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला.

पुढची सत्तर-ऐंशी वर्षं कॅमेरा म्हणजे फिल्मचा कॅमेरा. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपणार, म्हणजे संपणारच. प्रत्येक फूट पैशाचा. म्हणून चुकलेल्या टेकवर नटाला बोलणी बसायची. हे चित्र पालटलं, ते हाय डेफिनिशन व्हिडिओने. सोनीने १९९७ साली एचडीकॅम ही टेप आणली. मग चित्रपटासारखे सेकंदाला चोवीस फ्रेम टिपणारा त्यांचा कॅमेरा आला आणि २००२ साली 'स्टार वॉर्स' मालिकेतला एक अख्खा चित्रपट त्यावर चित्रित होऊन आला. २००७ साली अमेरिकेच्या रेड कंपनीने १७,५०० डॉलरला कॅमेरा विकायला काढला. २०१०मध्ये जर्मनीच्या ॲरीचा ॲलेक्सा आला. दरम्यान मुंबईच्या गल्लीबोळांत छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांनी टिपलेल्या 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या छायाचित्रकाराला २००९ साली ऑस्करही मिळून गेलं होतं.

हाय डेफिनिशन म्हणजे नेमकं काय? हिशेब सोपा आहे. आपल्या जुन्या टीव्हीचं चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आतल्या ठिपक्यांचं. फुल एचडीचं चित्र १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचं, म्हणजे वीस लाखांहून जास्त. थेट पाचपट! आणि आता 'फोर-के' म्हणतात, ते त्याच्याही चौपट. पण ठिपके म्हणजे सर्वस्व नव्हे. ठिपके तर हल्ली मोबाइलमध्येही भरपूर असतात. गाडीत बसताना ड्रायव्हरने नेमकं तेच विचारलं, ''ताई, एवढा खर्च कशाला? माझ्या मोबाइलमध्येपण फोर-के आहे की!''

उत्तर काकांनी दिलं. (एव्हाना ती अटेंडंटना काका म्हणू लागली होती.) ''मोबाइल दुपारी चांगला दिसतो रे. पहाटे अंधारात म्हातारीच्या चेहऱ्यावरची सुरकुती आणि मागचं उजळलेलं आभाळ, दोन्ही एकदम धरून दाखव म्हणावं त्याला!''

तिला नेमकं तेच धरायचं होतं. पहाट, कृष्णेचा घाट आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आजी. आजीला हल्ली नावं आठवत नाहीत. कधी नातीला ती मुलीच्या नावाने हाक मारते, कधी बहिणीच्या. गेल्या दिवाळीला तिने विचारलं होतं, ''तू कुणाची गं?'' तेव्हाच नातीने ठरवलं, की आजीला तिच्या माहेरच्या घाटावर बसवायचं आणि बोलतं करायचं. जमेल तेवढं, आठवेल तेवढं.

दक्षिण काशीच्या वाटेवर

मुंबईहून वाई अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेर. द्रुतगती मार्गाने पुणं, मग कात्रज, शिरवळ आणि खंबाटकीचा घाट. घाट उतरला की सुरूर फाटा. तिथून उजवीकडे वळलं, की वडाच्या झाडांमधून रस्ता वाईला जातो. परतीच्या पावसाचे दिवस. दोन्ही बाजूंना हळदीची रुंद पानं आणि उसाची दाटी. समोर पांडवगडाचं डोकं ढगात.

वाईला दक्षिण काशी म्हणतात, ते तिथल्या देवळांमुळे आणि कृष्णेच्या घाटांमुळे. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह... प्रत्येक आळीचा घाट निराळा आणि प्रत्येक घाटाचा कृष्णाबाईचा उत्सवही निराळा. गणपती आळीतला ढोल्या गणपती सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या देवळात बसलाय. या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचं पाणी आदळलं, तर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून! तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची कर्मभूमी हेच गाव आणि मराठी विश्वकोशाचं काम याच गावात उभं राहिलं. वाईची ओळख खरं तर अशी. पण गेल्या काही वर्षांत बाहेरगावचा माणूस वाईचं नाव घेतो, ते सिनेमाचं गाव म्हणून.

वाईपासून तीन-चार किलोमीटरवरचं मेणवली तर जवळजवळ प्रत्येकाने पडद्यावर पाहिलेलं आहे, फक्त मेणवली म्हणून नव्हे. 'गंगाजल' (२००३) मध्ये हे गाव बिहारमधलं झालं. 'स्वदेस' (२००४) मध्ये ते चरणपूर झालं आणि याच घाटावर पंचायत भरली. कारण उघड आहे. नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा, त्याच्या मागे चंद्रकोरीसारखा वळलेला दगडी घाट, काठावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ. विजेचा खांब, जाहिरातीचा फलक, प्लास्टिकचं छप्पर यांतलं काही डोळ्यांत खुपत नाही. कॅमेरा कुठेही लावा, मागे दोन-अडीचशे वर्षं उभीच!

घाटावरच्या एका छोट्या दगडी मंडपात भलीमोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरीमाता कोरलेली आहे. महादेवाच्या दारात ती अडीच शतकं सुखाने नांदते आहे.

गाडी वाड्याजवळ थांबली, तशी पोरं गोळा झाली.

''कोन हिरो हाय वो?''

''हिरो नाही. हिरॉइन आहे,'' काका म्हणाले.

''कोन?''

काकांनी गाडीतून हळूच उतरणाऱ्या आजीकडे बोट केलं. पोरं हिरमुसून पांगली. एक म्हातारा मात्र जवळ आला, डोळे बारीक करून बघत राहिला आणि म्हणाला, ''आगं, तू वरच्या आळीची न्हवं?'' आजी नुसती हसली. ओळख पटली की नाही, ते कळलं नाही.

पहिली सकाळ धुक्यात गेली

चित्रीकरणाच्या गावात परवानगीचं शास्त्र पाळावं लागतं. मेणवलीत सरपंचांना भेटणं, वाड्याच्या मालकांची संमती, पोलीस ठाण्याला अर्ज. देवळाच्या वेळा मोडायच्या नाहीत, पायऱ्यांवर खिळा ठोकायचा नाही, जाताना चहाचा एक कपसुद्धा मागे ठेवायचा नाही. मोठमोठी युनिटं येऊन गेल्यामुळे गावाला आता सगळं माहीत असतं. 'कॉलटाइम किती?' असं टपरीवालाच विचारतो. इथल्या कित्येक घरांना चित्रीकरणाचे चार दिवस म्हणजे चार पैसे. खोल्या भाड्याने जातात, गाड्या लागतात, गर्दीत उभं राहिलं तरी रोज सुटतो.

पहिला दिवस नदी, घाट, वाडा टिपण्यात गेला. संध्याकाळी वाईच्या लॉजवर पोहोचल्यावर मुलीने काळजीपोटी एक गोष्ट केली. कॅमेऱ्याची पेटी स्वतःच्या खोलीत नेली. वातानुकूलित खोली, आतून कडी, उशाशी पेटी. ''काका, आज तुम्ही निवांत झोपा,'' ती म्हणाली. काका काहीतरी बोलणार होते, पण मालकिणीपुढे काय बोलायचं, म्हणून गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला आजीला घाटावर आणलं. पूर्वेला तांबडं फुटत होतं. पाण्यावरून वाफ निघत होती. पेटी उघडली, लेन्स चढवली आणि बघतात तो काय, समोर नुसतं पांढरं! रात्रभर गारठलेल्या काचेला घाटावरची दमट हवा लागली आणि लेन्सवर दव धरलं. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला धरतं, तसं.

कॅमेरामन मित्राने फडकं काढलं. काकांनी त्याचा हात धरला.

''पुसू नका. बाहेरचं पुसाल, आतलं कसं पुसाल? घासाल तेवढं वाढेल. लेन्स उघडू तर अजिबात नका. तिला तिच्या वेळेने गरम होऊ द्या.''

चाळीस मिनिटं गेली. तोपर्यंत ऊन डोक्यावर, मऊ उजेड संपलेला आणि घाटावर माणसं जमलेली. धुणं आपटण्याचे आवाज, मोटारसायकली, ''काय चाललंय?'' विचारणारे दहा जण. आजी बावरली. नातीने विचारलं, ''आजी, इथे तू काय करायचीस?'' आजीने इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, ''घरी जाऊ या का? आई वाट बघत असेल.''

दुपारी तीनला ढग दाटले आणि विजांसकट पाऊस कोसळला. पाच मिनिटांत घाटाच्या पायऱ्यांवरून ओहोळ वाहू लागले. भिजलेल्या दगडावर पाऊल घसरलं, तर माणूस निदान उठून उभा राहतो. कॅमेरा उठत नाही. काकांनी रेन कव्हर टाकलं, वर स्वतःचा रेनकोट घातला आणि स्वतः भिजत पेटी कुशीत घेऊन मंडपातल्या घंटेखाली जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत पाऊस थांबला नाही. भाड्याच्या कॅमेऱ्याला मात्र ऊन-पाऊस कळत नाही. त्याचं मीटर चालूच असतं.

मग त्यांनी आजीच्या माहेरच्या जुन्या घरात चार दृश्यं घेतली. तिथेही एक गंमत झाली. ट्यूबलाइटच्या उजेडात पडद्यावर हलकी थरथर दिसू लागली. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळतं. सेकंदाला चोवीस फ्रेमच्या हिशेबात प्रत्येक फ्रेम एक अठ्ठेचाळीसांश सेकंद उघडी राहते आणि दिव्याशी तिचा ताल चुकतो. काकांनी शटरचा कोन १८० अंशांवरून १७२.८ अंशांवर आणायला सांगितला. फ्रेम बरोबर एक पन्नासांश सेकंदाची झाली आणि थरथर थांबली. ''हे कुठे शिकलात?'' मुलीने विचारलं. ''कुठे शिकणार?'' काका म्हणाले. ''तीस वर्षं पेट्या उचलतोय. कानावर पडतं.''

त्या रात्री पेटी काकांकडे गेली. लॉजच्या व्हरांड्यात पेटी भिंतीला लावून, तिच्या हँडलमध्ये हात अडकवून ते सतरंजीवर झोपले. डासांनी रात्रभर फोडून काढलं असणार. पण बाहेरच्या हवेत काच बाहेरच्या हवेसारखीच राहिली.

तिसऱ्या पायरीवरची आजी

तिसरा दिवस, शेवटची पहाट. काकांनी साडेपाचलाच कॅमेरा लावून ठेवला होता. पावसाने धुतलेल्या पायऱ्या काळ्याभोर. नदी भरलेली, पण संथ. काकांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. ''दोन्ही कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्डिंग लावलंय. एक दगा देईल, दोन देणार नाहीत. आणि आज तुम्ही कट म्हणायची घाई करू नका. तासभर जागा आहे.''

आजीला कुणी बसवलं नाही. नातीचा हात धरून ती उतरत होती. उतरता उतरता एका पायरीशी थांबली, पदर खोचला आणि स्वतःच टेकली. पाण्यापासून तिसरी पायरी.

''ही आईची,'' ती म्हणाली.

कोणी काही बोललं नाही. कॅमेऱ्यावरचा तांबडा दिवा लागलेला होता.

''ही आईची. खालची काकूची. माझी नव्हती. लेकीला कशाला पायरी? ती जायचीच. मी आईच्या मागं बसून पिळे पिळायची.'' मग आजी बोलतच राहिली. घाटावर कोणाचा दगड कोणता, कोणाच्या धुण्यात नवं लुगडं आलं की बायका काय म्हणायच्या, पूर चढला की कोणत्या पायरीपर्यंत पाणी आलं ते मोजायला पोरं कशी धावायची. मग धोमचं धरण झालं. ''तेव्हा नदी आपल्या मनानं यायची,'' आजी म्हणाली. ''आता सोडली की येते.''

मधेच ती थांबली. बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. नातीच्या ओठांवर 'कट' आलं होतं. तिने समोर बघितलं. काकांनी मान हलवली, 'नको'.

''माहेरी आले की मी इथं यायची,'' आजी पुन्हा बोलू लागली, ''आई गेल्यावरसुद्धा. मग शूटिंगवाले यायला लागले. दोऱ्या बांधायचे. 'आजी, बाजूला व्हा, मधे येताय.' मग मी बाजूला व्हायची. इतकी वर्षं कॅमेरे आले, सगळे म्हणाले बाजूला व्हा. तू पहिली गं, बस म्हणालीस.''

आणि मग नातीकडे वळून, अगदी स्वच्छ, तिने तिला तिच्या नावाने हाक मारली.

अकरा मिनिटं कधीच उलटून गेली होती. फिल्मचं रीळ असतं, तर ते हाक येण्याआधी संपलं असतं आणि घाटावर नुसता फडफड आवाज उरला असता. कार्ड मात्र चालू होतं. एकूण सव्वीस मिनिटं.

काका कॅमेऱ्यापासून दोन पावलं मागे सरकले होते. मेणवलीला ते पहिल्यांदा आले नव्हते. मोठ्या युनिटांबरोबर याआधी चार वेळा येऊन गेले होते. गर्दी हटवायला मदत करणं हेही अटेंडंटच्या वाट्याला येतं. 'आजी, बाजूला व्हा' हे आपण या घाटावर किती वेळा म्हणालो असू, ते त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी खिशातलं फडकं काढलं आणि पुसायची काही गरज नसलेली बॅटरी पुसत राहिले.

दोन ठिकाणी उतरल्याशिवाय...

टिपलेलं चित्र घरी नेणं हेही एक कामच असतं. या दर्जाच्या चित्राला जागा भरपूर लागते. १२० जीबीच्या कार्डात फोर-केची जेमतेम तासाभराची नोंद मावते. म्हणून दिवसाच्या शेवटी कार्ड रिकामं करून पुन्हा वापरायचं असतं. आणि घात होतो, तो इथेच. दमलेल्या माणसाकडून न उतरवलेलं कार्ड पुसलं जातं. वाड्याच्या ओट्यावर लॅपटॉप उघडून कॅमेरामन मित्राने एका हार्ड डिस्कवर सगळं उतरवलं आणि म्हणाला, ''झालं. कार्डं फॉरमॅट करून देऊ?''

''थांबा,'' काका म्हणाले. ''दोन ठिकाणी उतरल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. आणि उतरलेलं उघडून बघितल्याशिवाय उतरलं म्हणायचं नाही.''

दुसरी डिस्क काढली. अर्धा तास जास्त गेला. ज्या वाड्याच्या ओट्यावर हे चाललं होतं, त्याच वाड्यात नाना फडणवीसांचे मोडीतले कागद जपले गेले. इतिहास संशोधक ज्याला मेणवली दप्तर म्हणतात, ते हेच. पेशवाई गेली, कागद राहिले. राज्याचा असो की आजीच्या पायरीचा, हिशेब जपणारा कोणीतरी लागतोच.

आपल्याही घरात असं एखादं माणूस असेल आणि असा कॅमेरा आणायचा विचार असेल, तर या तीन दिवसांतून चार गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. चलानवरची प्रत्येक वस्तू डोळ्यांनी बघून, कॅमेरा चालू करून आणि लेन्समधून उजेडाकडे पाहूनच सही करावी. आधीचा ओरखडा असेल, तर त्याचा तिथेच फोटो काढावा. प्रवासाच्या दिवसाचं भाडं, उशीर झाल्यास काय आणि मोडतोड झाल्यास विमा कोणाचा, हे आधीच लिहून घ्यावं. कॅमेरा गार खोलीतून थेट दमट हवेत नेऊ नये. नेलाच, तर पेटी बंद ठेवून तासभर थांबावं. आणि सर्वांत महत्त्वाचं, बरोबर आलेल्या अटेंडंटचं ऐकावं. भाड्यात त्याचा अनुभव फुकट मिळत असतो. आपण तो वापरत नाही, इतकंच!

रात्री साडेअकराला गाडी अंधेरीला पोहोचली. गाळ्यात पुन्हा तीच कपाटं, तोच काटा, तेच टेबल. चलानवर एकेका वस्तूपुढे बरोबरची खूण झाली. लेन्स उजेडासमोर धरून बघितली गेली. प्लेटवर सुकलेला थोडा चिखल होता. काकांनी तो नखाने खरवडला. सकाळी सातला हाच कॅमेरा साबणाच्या जाहिरातीसाठी जाणार होता आणि त्याच्याबरोबर काकाही. झोपायला पाच तास होते.

मुलीने अनामत परत घेतली, पावती पर्समध्ये ठेवली आणि वही काढली.

''काका, नाव सांगा.''

''कशाला? पैसे मिळाले की.''

''पडद्यावर टाकायला. शेवटी.''

काका थोडे गोंधळले. मग त्यांनी नाव सांगितलं. वडिलांचं नाव आणि आडनाव सांगितलं. ''आमच्याकडे ळ आहे, ल नाही,'' त्यांनी बजावलं. वहीत लिहिलेलं चष्मा लावून एकदा वाचलं आणि बरोबर असल्याची मान हलवली. चलान तपासावं, तसं.